डोंगरावरचं दार काही उघडेना

आधीच सांगून टाकतो, या लेखात एक गेम पूर्ण फोडलाय. ट्यूनिक खेळायचा विचार असेल किंवा अर्धवट खेळून ठेवला असेल तर इथेच थांबा, आधी तो संपवा, लेख कुठे पळून जात नाहीये. आणि तुम्ही गेम वगैरे खेळणाऱ्यातले नसाल, आयुष्यात कधी कंट्रोलर हातात धरणार नसाल, तर खुशाल वाचा, तुमच्यासाठी फुटण्यासारखं काहीच नाही.

तर ट्यूनिकमध्ये एक कोल्हा आहे. छोटासा, केशरी, हिरवा अंगरखा घातलेला, समुद्रकिनाऱ्यावर जागा होतो आणि त्याला काहीही माहीत नसतं. आपल्यालाही नसतं. हातात तलवार नाही, सुरुवातीला एक काठी मिळते, तिने झुडपं बडवत हिंडायचं. अँड्र्यू शोल्डिस नावाच्या कॅनडातल्या, हॅलिफॅक्सच्या माणसाने २०१५ मध्ये हे काम सुरू केलं, बराच काळ जवळजवळ एकट्यानेच, पुढे संगीताला, आवाजांना, बाकीच्या कामांना माणसं जोडली गेली, आणि १६ मार्च २०२२ ला गेम बाहेर आला. म्हणजे सात वर्षं. दिसायला आजचा, उन्हात ठेवलेल्या खेळण्यांसारखा चकचकीत, पण आतून अस्सल जुना. १९८६ साली जपानात आलेल्या पहिल्या झेल्डा गेमची सावली पावलोपावली दिसते, वरून तिरकं दिसणारं जग, ढाल-तलवार, गुहा, आणि कुठे जायचं ते कोणीही सांगत नाही.

सांगत नाही म्हणजे असं, की सांगतो, पण आपल्याला कळत नाही अशा भाषेत सांगतो. पाट्या आहेत, त्यांच्यावर काहीतरी विचित्र चौकडीदार-षटकोनी अक्षरं. मेनूमध्ये तीच अक्षरं. आणि मग खेळता खेळता जमिनीवर एक चमकणारा कागद सापडतो, उचलला की कळतं हे तर मॅन्युअलचं पान आहे! जुन्या गेमच्या डब्यात जे पुस्तक यायचं ना, बटणं कुठली, शत्रू कुठले, नकाशा कसा, ते पुस्तक फाटून या जगात विखुरलंय आणि आपण पान-पान गोळा करत जायचं. पन्नासहून जास्त पानं. बहुतेक मजकूर त्याच न कळणाऱ्या लिपीत, मध्येच एखादा शब्द इंग्रजीत, सुंदर रंगीत चित्रं, आणि समासात आधीच्या कोणा मालकाने पेनाने केलेल्या खुणा आणि गिरगोटा. मॅन्युअल उघडलं की मागे धूसर दिसतो तो जुन्या डबा टीव्हीचा पडदा, त्यावर आपलाच गेम थांबलेला. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी खरंच दोन मिनिटं काही केलं नाही, नुसता बघत बसलो.

आता हे शोल्डिसने का केलं ते त्यानेच मुलाखतींमधून सांगितलंय, लहानपणी वाचता न येणारी मॅन्युअलं चाळताना जे वाटायचं, की यात काहीतरी प्रचंड मोठं आहे आणि मला अजून ते कळत नाहीये, ते पुन्हा वाटायला लावायचं होतं. त्याच्याकडे निदान मॅन्युअल तरी होतं. आम्ही सांगलीत ज्या गेमवर वाढलो त्याच्याबरोबर एक अ‍ॅडाप्टर, दोन रिमोट (हो, कंट्रोलरला आम्ही रिमोटच म्हणायचो) आणि एक टीव्हीला जोडायची वायर यायची, बाकी काही नाही. नव्वदीत आपल्याकडे सामुराई, मीडिया, लिटल मास्टर असली नावं असायची, त्यातले बरेचसे म्हणजे निन्टेंडो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या टीव्हीला जोडायच्या गेमयंत्राच्या नकला. कॅसेटवर लिहिलेलं असायचं ९९९९९९ इन १ आणि आत खरे गेम मोजून दहा-बारा, बाकी सगळे तेच पुन्हा फिरवून. त्यातले काही थेट जपानी. मेनू जपानी, गोष्ट जपानी, एखादा माणूस येऊन पडद्यावर चार ओळी जपानीत बोलून जायचा आणि आम्ही चाळीतली सहा पोरं एकमेकांकडे बघायचो. कोणीतरी ठामपणे सांगायचं की तो म्हणतोय डावीकडे जा. का? कारण बोलताना त्याचं तोंड डावीकडे होतं. मग सगळे डावीकडे जाऊन मरायचे.

पण एक गोष्ट त्यातून झाली. न कळणाऱ्या गोष्टीला आम्ही घाबरायचो नाही. सगळी बटणं दाबून बघायची, भिंतींना ढुशा द्यायच्या, काय होतं ते बघायचं, लक्षात ठेवायचं, दुसऱ्या दिवशी शाळेत सांगायचं. ट्यूनिकच्या पहिल्या तासाभरात माझी बोटं आपोआप त्या जुन्या सवयीवर गेली. आजच्या गेममध्ये दर दोन पावलांवर एक बाण येऊन सांगतो इकडे या, हे दाबा, शाब्बास. त्याला सोकावलेली मंडळी ट्यूनिकवर चिडतात आणि मला त्यांचं चिडणं कळतं, पण पटत नाही.

आता दाराकडे येतो. नकाशाच्या अगदी वरच्या टोकाला, उत्तरेला, एक बर्फाळ डोंगर आहे आणि तिथे एक भलंमोठं दार. तिथवर तुम्ही बऱ्यापैकी लवकर पोचू शकता, पोचता, आणि मग काही नाही. दार बंद. किल्ली लावायची जागा दिसत नाही, आसपास कळ नाही, मारून उपयोग नाही, बाँब फेकून उपयोग नाही. अशा वेळी खेळणारा माणूस काय करतो, तर मनात एक नोंद करतो की याची वस्तू पुढे मिळेल. जुन्या गेमनी आपल्याला हेच शिकवलंय. पूल तुटलाय? पुढे दोरी मिळेल. दगड आडवा आलाय? हातोडा मिळेल. वस्तू मिळाली की परत यायचं. तर मी मनात नोंद करून पुढे गेलो, तलवार मिळाली, ढाल मिळाली, जादूची कांडी मिळाली, दूरवर खेचून नेणारा जादूचा गोळा मिळाला, आणि प्रत्येक वेळी परत डोंगर चढून आलो. दार आपलं तसंच.

मधे एक प्रकार घडला ज्याने माझे कान टवकारले. एका पानावर कोल्हा गुडघे टेकून बसलाय असं चित्र आहे आणि शेजारी एका बटणाची खूण. ते बटण आपण गेमभर वापरतच असतो, पण टिचकी मारून सोडून देतो. दाबून धरलं तर? कोल्हा खाली बसतो, प्रार्थना करतो. आणि प्रार्थना केली की काही ठिकाणचे खांब जागे होतात, बंद रस्ते उघडतात. आता यातली गंमत बघा, ही शक्ती कोणी दिली नाही. पेटी उघडली नाही, राक्षस मारला नाही. किनाऱ्यावर जागा झालो त्या क्षणापासून ती आपल्याकडे होती, फक्त माहीत नव्हती. नवीन गेम सुरू केला तर पहिल्याच मिनिटाला प्रार्थना करता येते. काखेत कळसा नि गावाला वळसा, शब्दशः.

या एका गोष्टीने माझं त्या दाराबद्दलचं मत बदललं. तोवर मी वस्तू शोधत होतो. आता वाटायला लागलं की वस्तू नसेलच.

इथे थोडं विषयांतर करतो, कारण कोड्यात अडकणं हे सगळं एकाच जातीचं नसतं आणि जुन्या गेमबद्दल जे लोक डोळे ओले करून बोलतात ते हे सोयीस्कर विसरतात. जुनी कोडी पुष्कळदा नुसती अन्यायकारक होती. कॅसलव्हेनियाचा दुसरा भाग आहे, १९८७ चा. त्यात एका कड्याशी जाऊन, लाल स्फटिक हातात घेऊन, गुडघ्यावर बसून थांबायचं, मग वावटळ येते आणि तुम्हाला उचलून पुढे नेते. हे कोणाला सुचणार? गेममधला एक गावकरी सल्ला देतो तो असा की कड्याला डोक्याने धडक मार म्हणजे भोक पडेल. किंवा गॅब्रिएल नाइटचा तिसरा भाग, १९९९ चा, त्यातलं मांजराच्या केसांच्या मिशीचं कोडं तर जगप्रसिद्ध आहे. एका माणसाचं सोंग घेऊन मोटरसायकल भाड्याने घ्यायचीय, त्यासाठी मांजराचे केस मिळवायचे, सिरपने ओठावर चिकटवून मिशी करायची. आणि ज्याचं सोंग घेतोय त्याला मिशी नाहीच! म्हणून मग त्याच्या पासपोर्टवरच्या फोटोवर पेनाने मिशी काढायची. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं कोणीतरी थट्टा करतंय. अशा कोड्याचं उत्तर कळल्यावर आपल्याला हुशार वाटत नाही, फसवल्यासारखं वाटतं. उत्तर बनवणाऱ्याच्या डोक्यात होतं, गेममध्ये नव्हतं.

म्हणूनच तर अमेरिकेत निन्टेंडोने चक्क माणसं बसवली होती फोनवर. मुलं फोन करायची, अमुक जागी अडकलोय म्हणायची आणि पलीकडचा माणूस फायली चाळून उत्तर सांगायचा. पुढे १९९५ मध्ये गेमफॅक्स नावाची वेबसाइट आली, लोकांनी स्वतः टाइप केलेली उत्तरं, साध्या टेक्स्ट फाइली, वर अक्षरं जुळवून जुळवून काढलेलं गेमचं नाव. कॉलेजात असताना सायबर कॅफेत बसून असल्या फाइली मीही काढून आणल्यात, दोन रुपये पानाने प्रिंट मारून, आणि कॅफेवाला दर वेळी विचारायचा, प्रोजेक्ट आहे का रे? मी हो म्हणायचो.

आता ते सगळं यूट्यूबवर आहे. माझा भाचा बारा वर्षांचा आहे, दिवाळीत आला होता, माझ्या शेजारी बसून दहा मिनिटं त्याने माझं डोंगर चढणं-उतरणं बघितलं आणि म्हणाला, "मामा, यूट्यूबवर बघ ना, कशाला वेळ घालवतोस?"

म्हटलं, "अरे मग मी काय खेळलो?"

"पुढचं खेळशील ना!"

यावर माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं आणि खरं तर त्याचंही बरोबर आहे. मी अ‍ॅक्शनच्या जागी अडकलो तर सरळ सेटिंगमध्ये जातो आणि मार न लागण्याचा पर्याय चालू करतो, तशी सोय ट्यूनिकमध्ये आहे, आणि मला त्याची तिळमात्र लाज नाही. चाळिशीत बोटं पूर्वीसारखी पळत नाहीत, ऑफिसमधून आल्यावर त्याच राक्षसाकडून शंभरदा मार खायची हौसही नाही. पण कोडं वेगळं. राक्षस दुसऱ्या कोणी मारून दिला तरी राक्षस मेलेला असतो. कोडं दुसऱ्याने सोडवून दिलं की मग तिथे कोडंच राहत नाही, आणि ते परत कधी कोडं होत नाही. ते एकदाच मिळतं. मी भाच्याला हे सगळं सांगत बसलो नाही, त्याला चकली दिली.

तर परत मॅन्युअलकडे. मॅन्युअलमध्ये अधूनमधून एका गोष्टीचा उल्लेख येतो, होली क्रॉस, पवित्र क्रूस. इंग्रजीतच लिहिलंय, मोठ्या थाटात. साहजिकच वाटतं की हा कुठलातरी दागिना, कुठल्यातरी देवळात, कुठल्यातरी राक्षसाच्या पोटाखाली असणार. मी त्याच्या मागावर सगळे कोपरे पालथे घातले. मग एका रात्री सहज मॅन्युअलचं सगळ्यात कंटाळवाणं पान उघडलं, बटणांचं, कंट्रोलरचं चित्र असलेलं, जे कोणी कधी वाचत नाही. आणि चित्राकडे बघता बघता नजर डाव्या बाजूच्या त्या अधिकच्या चिन्हावर गेली.

डी-पॅड. वर-खाली-डावी-उजवी. क्रूस. तो आपल्या अंगठ्याखालीच होता.

चालायला डाव्या हाताची स्टिक असते त्यामुळे डी-पॅडकडे अंगठा जातच नाही, गेमभर तो नुसता पडून असतो. खरं तर हा क्रूस म्हणजे गुनपेई योकोई या निन्टेंडोच्या माणसाची करामत, १९८२ साली हातात मावणाऱ्या डाँकी काँगसाठी त्याने तो बसवला, तिथून तो फॅमिकॉमवर आला आणि फॅमिकॉमच्या नकलांवरून आमच्या चाळीत. त्याच्या कडांनी अंगठ्याला घट्टे पाडून घेतलेली आमची पिढी. आणि मी राक्षसाच्या पोटाखाली शोधत होतो! रात्री साडेबाराला मोठ्याने हसलो, आतून बायकोचा आवाज आला, "झोपा आता."

एकदा हे कळल्यावर सगळं जग बदललं. भिंतीवरची नक्षी ही नक्षी राहिली नाही, ती उजवीकडे-वर-उजवीकडे-खाली अशी ओळ झाली. अंगणातली फुलं, फरशीवरच्या रेघा, वाऱ्यावर किणकिणणाऱ्या घंट्या, सगळीकडे तेच. गेले कित्येक तास ज्यांच्यावरून मी तलवार उगारत धावत गेलो होतो ती सगळी कुलपं होती. रेघ बोटाने गिरवायची, तशीच डी-पॅडवर दाबायची, खुट्ट, आणि भिंतीत पेटी, नाहीतर एखादी परी. आठवडाभर मी दुसरं काही केलं नाही.

मग अर्थातच डोंगरावर गेलो. छाती फुगवून. आणि दारासमोर उभं राहिल्यावर लक्षात आलं की किल्ली आहे, पण दात कुठले कापायचे? बाकीच्या ठिकाणी रेघ समोरच असायची, इथे गिरवायचं काय तेच नाही. हे आधीच्यापेक्षा वाईट अडकणं. आधी काही माहीत नव्हतं म्हणून निवांत होतो, आता सगळं माहीत असून उपयोग नव्हता.

मला वाटलं, उत्तर मजकुरात असणार. त्या लिपीत. म्हणजे लिपी फोडायलाच पाहिजे.

मी वही घेतली. पहिली गोष्ट दिसली ती ही की एक-एक अक्षर असलेले शब्द पुष्कळ आहेत आणि तेच ते परत परत येतात. भाषा मुळात इंग्रजीच असणार हे गृहीत धरलं, कारण बनवणारा इंग्रजी बोलणारा, मधले शब्द इंग्रजी. पण इंग्रजीत एका अक्षराचे शब्द असून असून किती? इथे मला वाटतं मराठी माणसाला एक आयता फायदा मिळतो. आपण इंग्रजी शब्द आयुष्यभर देवनागरीत लिहितो आणि लिहिताना स्पेलिंग बघत नाही, कानाला काय ऐकू आलं ते लिहितो. द हे इंग्रजीत तीन अक्षरी, आपल्याकडे एक. ए एक. टू एक. त्या लिपीचंही तेच होतं, ती स्पेलिंग मानतच नव्हती, उच्चार मानत होती. सगळ्यात जास्त वेळा येणारं ते एकटं अक्षर म्हणजे द, हे पकडल्यावर मग चित्रांच्या शेजारचे शब्द, बटणांच्या शेजारचे शब्द, हळूहळू एकेक पडायला लागले.

आणि मग जे दिसलं त्याने मी अक्षरशः खुर्चीवर उठून बसलो. प्रत्येक खुणेत आतल्या रेघा व्यंजनाच्या आणि बाहेरच्या, षटकोनाच्या कडेच्या रेघा स्वराच्या. दोन्ही एकावर एक ठेवून एक अक्षर. अरे, ही तर बाराखडी! क ला काना, क ला वेलांटी, तोच प्रकार, फक्त काना-मात्रा भोवतीने. शब्दाच्या सगळ्या अक्षरांना जोडणारी एक आडवी रेघही आहे, आपली शिरोरेघ डोक्यावर असते, यांची कमरेला. आणि सगळ्यात भारी, काही अक्षरांच्या तळाशी एक छोटंसं वर्तुळ असतं, ते असेल तर क्रम उलटा, स्वर आधी म्हणायचा आणि व्यंजन नंतर. परदेशी लोकांनी या वर्तुळावर बराच वेळ घालवला असेल, पण ज्याने पहिलीत असताना पहिली वेलांटी गिरवलीय, लिहायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची अक्षराच्या नंतर, त्याला असल्या उलट्यापालटीचं काय कौतुक? बाईंनी पट्टी मारून शिकवलेलं असतं ते.

माझी वही भरत गेली. डावीकडे त्यांची खूण, उजवीकडे देवनागरी. हो, मी ते इंग्रजी देवनागरीतच उतरवत होतो, तेच सोपं पडत होतं. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पान उघडून बसलो की शेजारचा विचारायचा मोडी शिकतोयस का. पूर्ण परिच्छेद वाचता यायला लागले, जगाचा इतिहास, या बेटावर काय झालं, कोणाला कोंडून ठेवलंय, का, आणि ते सगळं बऱ्यापैकी काळजाला लागणारं आहे, ते मी इथे सांगणार नाही.

फक्त एक झालं. दाराचं उत्तर त्यात नव्हतं.

म्हणजे लिपी फोडण्याची गेमला गरजच नाही. एक अक्षर न वाचता डोंगरावरचं दार उघडता येतं. एवढी मोठी गोष्ट शोल्डिसने बांधून ठेवली आणि ती अजिबात सक्तीची नाही, ज्याला खाज असेल त्याने खाजवावं. यावर राग यायला हवा होता, आला नाही. गेम विकणाऱ्या जमान्यात इतकं काम कोणी कदाचित कधीच बघणार नाही अशा जागी करून ठेवणं, याला माज म्हणा नाहीतर प्रेम म्हणा.

उत्तर होतं ते पानांत, पण शब्दांत नाही. एका पानावर सोनेरी वाटेबद्दल आहे, तिथे चौकटींचा एक तक्ता आहे आणि कुठल्या चौकटीत मॅन्युअलच्या कुठल्या पानावरचा तुकडा बसतो ते त्यात सुचवलंय. आणि खरंच प्रत्येक त्या त्या पानावर, कुठे चित्राच्या आत, कुठे नक्षीच्या कडेला, रेघेचा एक वाकडा तुकडा लपलेला आहे. इतके दिवस ती पानं मी शंभरदा बघितली होती. तुकडे वेगळे काढायचे, आपापल्या चौकटीत ठेवायचे, म्हणजे सलग एक लांबलचक वाट तयार होते, आणि ती खालून वर डी-पॅडवर दाबत जायची. आता कळलं ना पानं का गोळा करायची ते? पान राहिलं की वाटेत खड्डा.

मी आलेख कागद आणला, शाळेतल्या भूमितीचा तो हिरव्या चौकोनांचा. रविवारी सकाळी हॉलमध्ये पसरून बसलो, एका बाजूला टीव्हीवर मॅन्युअल, समोर कागद, पेन्सिल, खोडरबर. आई भाजी निवडत होती. बराच वेळ तिने दुर्लक्ष केलं, मग चष्मा वर करून वाकून बघितलं.

"रांगोळी कसली काढतोयस?"

"रांगोळी नाही गं, गेमचं आहे."

"असू दे कशाचं. तुटलीय इथे." तिने गवारीच्या शेंगेनेच दाखवलं. "ही रेघ इथून येते आणि ही तिथून निघते, मधे जोडच नाही. एकटाकी काढायचीय ना? मग एक ठिपका चुकला तुझा."

एकटाकी म्हणजे हात न उचलता काढलेली. आई दर गुरुवारी काढते. तिला गेम, डी-पॅड, कोल्हा, यातलं काहीही माहीत नव्हतं, पण रेघ एकच आहे आणि ती कुठेही तुटता कामा नये हे तिला कागदाकडे बघून दोन सेकंदांत कळलं. मी तो तुकडा परत तपासला, पानावरून उतरवताना एक चौकोन बाजूला सरकला होता. नीट बसवला आणि वाट खालपासून वरपर्यंत सलग झाली. "आता बरोबर," आई म्हणाली आणि परत शेंगांकडे वळली.

संध्याकाळी डोंगरावर गेलो. कागद गुडघ्यावर, बाण पाचापाचाच्या गटात लिहून घेतलेले, बायको शेजारी बसून मोठ्याने वाचत होती, वर, उजवी, वर, वर, डावी, आणि मी दाबत होतो. मध्ये तिला फोन आला, गट हुकला, परत पहिल्यापासून. दुसऱ्यांदा ती एकदम बँकेत खाते क्रमांक वाचतात तशा सुरात वाचायला लागली. शेवटचं बटण दाबलं आणि दार हललं. ती म्हणाली, "एवढंच?" आणि चहा टाकायला उठली. एवढंच. आत मॅन्युअलचं राहिलेलं पान.

पण त्या पानाने शेवट बदलतो. गेमच्या शेवटी एक भयंकर ताकदवान शत्रू आहे, तिच्याशी लढून जिंकलं की एक शेवट मिळतो, आणि तो काही फार आनंदाचा नाही. मॅन्युअल पूर्ण असेल तर लढावंच लागत नाही. कोल्हा ते पुस्तक तिला दाखवतो, दोघं मिळून बघतात. बस. इतक्या वेळा मार खाल्लेल्या माणसाला हे बघून काय वाटलं असेल विचार करा. तलवार तशीच म्यानात. मला त्या लढाईपेक्षा हे हजारपट पटलं, अर्थात मी पक्षपाती आहे, मार न लागण्याचा पर्याय चालू करणाऱ्यातला.

अजून एक थर उरलाच आहे. गेममधल्या काही आवाजांत, ते जे सूर चढत-उतरत वाजतात, त्यांतही तीच भाषा दडवलेली आहे, म्हणजे सूर ऐकून अक्षरं ओळखायची. हे लोकांनी शोधून काढलं आणि खरं निघालं. मी एक संध्याकाळ हेडफोन लावून प्रयत्न केला. पण मला यमन आणि भूप यातला फरक सांगता सांगता घाम फुटतो, तेव्हा तो नाद सोडला. ताईला पेटी येते, तिला म्हटलं ऐकून बघ, तर म्हणाली आधी माझ्या मुलाला त्या गेमपासून लांब ठेव.

सध्या नाशिकचा एक मित्र त्याच दाराशी येऊन बसलाय. रात्री अकराला मेसेज येतात. पहिल्या आठवड्यात बाँब फेकून बघितले का, रात्री जाऊन बघितलं का असले प्रश्न होते, मी नुसतं हं-हं करत होतो. परवा त्याने विचारलं, एकच सांग, वस्तू आहे की नाही? मी लिहिलं, पानं सगळी मिळालीत का? त्यावर त्याने जे लिहिलं ते इथे छापता येणार नाही. आज सकाळी एकच ओळ आली होती, आलेख कागद कुठे मिळतो रे, इथल्या दुकानात फक्त ए-फोर आहे.